दोन मीटर साखळी आणि पुढचं रान

पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी कोल्हापुरातून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलं, की वाघबीळचा चढ येईपर्यंत पुढच्या-मागच्या गाड्यांच्या काचांतून कुत्र्यांची तोंडं दिसायला लागतात. लॅब्रॅडोर असतात, गोल्डन रिट्रीव्हर असतात, एखादं लांबोडक्या तोंडाचं कारवान असतं, आणि अलीकडे रस्त्यावरून उचलून घरात वाढवलेली गावठी कुत्रीही बरीच असतात. पूर्वी आपल्याकडे कुत्रं म्हणजे राखणीचं. परड्यात नाहीतर मळ्यातल्या खोपीपाशी बांधलेलं, भाकरतुकड्यावर जगणारं. आता ते घरातल्या माणसांबरोबर मागच्या सीटवर बसून फिरायला निघतं आणि त्याच्यासाठी डब्यात वेगळा दहीभात असतो. हा बदल मला मनापासून आवडतो. माझ्या घरातही कुत्रं आहे, आणि डोंगरात त्याच्यासोबत चालण्यात काय सुख असतं हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

ही कुत्री जातात कुठं? पन्हाळ्यावर तबक उद्यानाच्या झाडीत, तिथून पुढं मसाई पठारावर, पोहाळ्याच्या लेण्यांकडं, जोतिबाच्या डोंगरावर, गगनबावड्याच्या बाजूला. काही थेट दाजीपूरपर्यंत पोचतात. आणि या सगळ्या ठिकाणी, कुत्र्याची नीट काळजी घेणारा माणूस एक वाक्य ठामपणे सांगतो: आम्ही साखळी सोडतच नाही. हे वाक्य खरं असतं आणि ते म्हणणारा जबाबदार असतो. साखळी न लावता कुत्रं रानात मोकळं सोडणाऱ्यांबद्दल वेगळं लिहायला नको, ते चुकीचंच आहे. प्रश्न साखळी धरणाऱ्याचा आहे. हातातली साखळी रानाला नेमकं कशापासून वाचवते, आणि कशापासून वाचवू शकत नाही?

आधी कायद्याचं बघू, कारण तिथंच पहिला गोंधळ होतो. दाजीपूरचं जंगल हे कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं राखीव रान. १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य झालं. महाराष्ट्रातलं ते पहिलं. १९८५ मध्ये त्याची हद्द वाढवून राधानगरी वन्यजीव अभयारण्य झालं, क्षेत्र ३५१.१६ चौरस किलोमीटर. २०१२ मध्ये कास, कोयना, चांदोली यांच्याबरोबर ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत गेलं. या अभयारण्याच्या नाक्यावर पाळीव कुत्र्याला प्रवेश नाही. साखळी आहे की नाही हा प्रश्न तिथं उद्भवतच नाही. शहरापासून ऐंशीएक किलोमीटर आल्यावर हे कळलं की माणसं हिरमुसतात, आणि काही जण कुत्र्याला गाडीत ठेवून आत जायचा विचार करतात. बंद गाडीत उन्हात कुत्रं थोड्या वेळातही दगावू शकतं. तेव्हा दाजीपूरला जायचं असेल त्या दिवशी त्याला घरी ठेवावं, हे निघण्यापूर्वीच ठरलेलं बरं.

पण जिल्ह्यातलं बरंचसं रान अभयारण्य नाही. २०२० च्या अखेरीस राज्य वन्यजीव मंडळानं पश्चिम घाटातल्या अनेक पट्ट्यांना ‘संवर्धन राखीव’ करायला मंजुरी दिली. त्यात पन्हाळगड, विशाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड आणि चंदगड हे आपले पट्टे आहेत. नंतर मसाई पठारालाही हा दर्जा मिळाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात संवर्धन राखीवची व्यवस्था कलम ३६-क मध्ये आहे, आणि ती अभयारण्यापेक्षा सैल आहे. अभयारण्यात शिरायला परवानगी लागते, इथं तशी लागत नाही. गुरं चारणारा, सरपण आणणारा, देवाला जाणारा आणि पन्हाळा-पावनखिंड मोहिमेत चिखल तुडवत जाणारी हजारो मुलं, सगळ्यांची वाट मोकळी. म्हणून कुत्र्याचीही मोकळी. मात्र वन्यप्राण्याला त्रास द्यायचा नाही, हे बंधन इथंही लागू आहे. आणि एक गोष्ट बहुतेक कुत्रेवाल्यांच्या लक्षात नसते. या कायद्यानं शिकारीची जी व्याख्या केली आहे, तिच्यात वन्यप्राण्याच्या मागे लागणं, त्याला हाकलणं आणि तसा प्रयत्न करणंही येतं. सशामागे किंवा भेकरामागे कुत्रं सोडलं आणि हाती काहीच लागलं नाही, तरी कायद्याच्या नजरेत तो गुन्हा ठरू शकतो.

म्हणजे साखळीचं पहिलं काम हे. कुत्र्याचे पाय थांबवणं. आणि ते काम मोठं आहे. भारतात कुत्र्यांनी वन्यप्राण्यांवर केलेल्या हल्ल्यांची पाहणी चंद्रिमा होम, यशवीर भटनागर आणि अबी वनक यांनी केली, तेव्हा ऐंशी जातींच्या प्राण्यांवर हल्ले झाल्याचं पुढं आलं. त्यातल्या एकतीस जाती धोक्यात असलेल्यांच्या यादीतल्या होत्या. हे सगळं मोकाट आणि मोकळ्या सोडलेल्या कुत्र्यांचं. साखळीतल्या कुत्र्याकडून असं काही होत नाही, हे नीट मान्य करायला हवं.

आपल्या भागात तर साखळीची गरज दुप्पट आहे, कारण इथलं लाडकं कुत्रं धावण्यासाठीच घडलेलं आहे. कारवान आणि त्याचंच मुधोळ म्हणून प्रसिद्ध झालेलं रूप ही नजरेनं शिकार हेरून वाऱ्यासारखी सुटणारी जात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ती जोपासली. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात मुधोळ होतं. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, उघड्या माळात ससा उठला की हे कुत्रं मालकाची हाक ऐकण्याच्या पलीकडं जातं. यात त्याचा दोष नाही, पिढ्यान् पिढ्या त्याला त्यासाठीच निवडलेलं आहे. ज्यांच्या घरी कारवान आहे त्यांनी ‘आमचं हाकेत आहे’ या भरवशावर पठारावर पट्टा सोडू नये.

आता साखळीपलीकडचं.

२००७ साली ऑस्ट्रेलियात पीटर बँक्स आणि जेसिका ब्रायंट यांनी नेमका हाच प्रश्न घेतला. सिडनीच्या आसपासच्या झाडीतल्या पायवाटांवर नव्वद ठिकाणं निवडली. काही वाटांवर माणूस साखळीतलं कुत्रं घेऊन चालत गेला, काहींवर माणूस एकटाच गेला, काहींवर कुणीच नाही. मग त्या वाटेवर दिसणारे-ऐकू येणारे पक्षी मोजले. कुत्रं जाऊन गेलेल्या वाटेवर पक्ष्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि पक्ष्यांची संख्या ४१ टक्क्यांनी कमी भरली. एकट्या माणसाचा परिणाम याच्या निम्म्याहूनही कमी होता. जमिनीवर वावरणाऱ्या पक्ष्यांना सर्वाधिक झळ बसली. मला या अभ्यासातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. ज्या झाडीत वर्षानुवर्षं लोक कुत्री फिरवत होते आणि जिथं कुत्र्यांना बंदी होती, दोन्हीकडं पक्षी सारखेच दचकले. म्हणजे सवयीनं भीती गेली नव्हती. हा प्रयोग त्या घटकेचा परिणाम सांगतो, पक्षी नंतर किती वेळात परत येतात किंवा वर्षाअखेर किती पिल्लं जगतात हे तो सांगत नाही. तरीही जेवढं सांगतो तेवढं पुरेसं गंभीर आहे. कुत्र्यानं कुणाला हात लावला नव्हता, बहुधा भुंकलंही नव्हतं. ते फक्त तिथून गेलं होतं.

हे आपल्या रानावर ठेवून बघावं. तबक उद्यानाच्या पाचोळ्यात, गगनबावड्याच्या करवंदीच्या जाळ्यांत रानकोंबडी, चकोत्री, सातभाई हे सगळे जमिनीलगतचे रहिवासी. रातवा तर उन्हाळ्यात पाचोळ्यावरच अंडी घालतो, घरटं असं नाहीच. त्याचा रंगच पाचोळ्याचा, त्यामुळं माणूस दोन हातांवरून निघून जातो तरी तो हलत नाही, आणि माणसापुरतं ते खपतं. कुत्रं नाकानं चालतं, त्याला पाचोळ्याचा रंग फसवत नाही. मसाई पठारासारख्या सड्यावर टिटवी आणि चंडोल उघड्यावर बसतात. टिटवी भर उन्हात अंड्यांवर बसते ती ऊब देण्यापेक्षा सावली देण्यासाठी, आणि पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणून अंडी ओलीही करते. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या जांभ्यावर ती थोडा वेळ जरी उठून राहिली, तरी अंड्याच्या आतला जीव भाजून निघू शकतो. आपण कुत्र्याला घेऊन शेजारून जातो, टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालते, आपण तिचा फोटो काढतो. तेवढ्या वेळात काय चाललेलं असतं हे ज्याला एकदा कळलं, तो मार्चपासून जूनपर्यंत कुत्र्याला सड्यावर नेणार नाही.

दुसऱ्या देशांनी हा हिशेब कायद्यात लिहून टाकला आहे. इंग्लंडमध्ये २००० सालच्या कायद्यानं खुल्या केलेल्या माळरानांवर १ मार्च ते ३१ जुलै या विणीच्या काळात कुत्रं जास्तीत जास्त दोन मीटरच्या, न वाढणाऱ्या साखळीतच हवं. जर्मनीच्या लोअर सॅक्सनी राज्यात १ एप्रिल ते १५ जुलै रानात साखळी सक्तीची. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत साखळी सहा फुटांपेक्षा लांब चालत नाही, आणि बहुतेक उद्यानांच्या पायवाटांवर कुत्र्याला मुळीच नेता येत नाही. फार तर गाडीरस्ता, वाहनतळ आणि तंबूंची जागा. तिकडं मुलाकडं-मुलीकडं जाऊन आलेल्या आपल्या माणसांनी हे डोळ्यांनी पाहिलेलं असतं. तिथं ती हे नियम बिनतक्रार पाळतात, याचं मला कौतुक आहे. तीच माणसं इथं पाळतील. नियम कुणी सांगायला हवेत एवढंच.

आपल्याकडं मात्र एक गोष्ट अशी आहे जी सिडनीच्या झाडीत नाही. आपल्या रानात कुत्र्याला खाणारे आणि कुत्र्यावर चाल करून जाणारे प्राणी आहेत.

गवा घ्या. आठशे-हजार किलोपर्यंत भरणारा हा प्राणी स्वभावानं भांडखोर नाही. पण त्याच्या वासरांवर रानकुत्री टपलेली असतात, त्यामुळं वासराजवळच्या गायीला कुत्र्याच्या आकाराचं काहीही दिसलं की ते शत्रू. मोकळं कुत्रं गव्यावर भुंकतं, गवा वळतो, कुत्रं घाबरून पळतं ते मालकाच्या पायात, आणि मागोमाग गवा. साखळीतलं कुत्रं भुंकतं तेव्हा तर मालक आणि कुत्रं एकाच जागी बांधलेले असतात. गवे आता दाजीपूरपुरते राहिलेले नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये गवा थेट कोल्हापूर शहराच्या वस्तीत आला होता. आजरा-चंदगडकडं अस्वलं आहेत, आणि २००२ च्या सुमाराला कर्नाटकातून आलेल्या हत्तींचा वावरही त्या पट्ट्यात राहिला आहे. तिकडच्या पायवाटेवर कुत्रं नेणं हा मला धाडसापेक्षा कुत्र्यावरचा अन्याय वाटतो.

बिबट्याची गोष्ट आणखी सरळ आहे. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचा आहार तपासला. वजनाच्या हिशेबात आहाराचा ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा होता, आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. बिबट्याच्या लेखी कुत्रं हे नेहमीचं जेवण आहे. साखळी असली म्हणून तो थांबत नाही, फक्त हल्ला झाला तर माणूस साखळीच्या दुसऱ्या टोकाला असतो. म्हणून रानालगत पहाटेच्या अंधारात आणि दिवेलागणीला कुत्रं फिरवणं बंद करावं. ऊन नीट वर आल्यावर निघावं, आणि सावल्या लांबायच्या आत माघारी यावं.

पण या सगळ्यापेक्षा मला ज्याची काळजी वाटते तो प्राणी दिसायला कुत्र्यासारखाच आहे. तांबूस अंगाचा, काळ्या झुपकेदार शेपटीचा रानकुत्रा, आपल्याकडचा कोळसुंदा. राधानगरी आणि चांदोलीच्या जंगलात तो आहे. जगात त्याची पिल्लं घालण्याच्या वयाची जनावरं दोन हजारांच्या आसपास, किंवा त्याहूनही कमी उरली आहेत असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. तो आपल्या कुत्र्याच्याच कुळातला, त्यामुळं आपल्या कुत्र्याचे रोग त्याला होतात. डिस्टेंपर, पार्व्हो, रेबीज, खरूज. आणि हे रोग पोचवायला दोघांची भेट व्हावी लागत नाही. पार्व्होचा विषाणू विष्ठेतून मातीत जातो आणि तिथं कित्येक महिने टिकून राहतो.

कोळसुंद्यांची एक सवय इथं लक्षात घ्यावी लागते. त्यांचा कळप ठरावीक जागी, बहुधा पायवाटा एकमेकींना मिळतात तिथं, सगळे मिळून विष्ठा टाकतो. तो त्यांचा निरोप ठेवण्याचा आणि वाचण्याचा फळा असतो. आता साखळीतलं आपलं कुत्रं रानवाटेनं निघालं की कुठं थांबतं? वाटेच्या वळणावर, फाट्यावर, जिथं आधीच कुणाचा तरी वास आहे तिथं. ते हुंगतं, पाय वर करतं, कधी तिथंच बसतं. दोन्ही प्राणी आपापल्या स्वभावानं नेमक्या एकाच जागी नाक टेकतात. साखळीनं कुत्र्याला वाटेवर ठेवलं म्हणून आपण निर्धास्त असतो, पण कोळसुंद्याच्या दृष्टीनं वाट हीच तर महत्त्वाची जागा आहे.

हे केवळ कल्पनेतलं भय नाही. १९९४ मध्ये टांझानियातल्या सेरेंगेटीत डिस्टेंपरनं सुमारे हजार सिंह, म्हणजे तिथल्या सिंहांपैकी तिसरा हिस्सा, मेले. २०१८ मध्ये गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हाही तपासणीत डिस्टेंपरचा विषाणू सापडला. आपल्या शेजारी सोलापूरजवळ नान्नजच्या माळढोक अभयारण्याभोवतीच्या गावांतल्या कुत्र्यांचं रक्त अनिरुद्ध बेलसरे, अबी वनक आणि मॅथ्यू गॉम्पर यांनी तपासलं. बहुतेक कुत्र्यांना पार्व्हो आणि डिस्टेंपरचा संसर्ग कधी ना कधी होऊन गेला होता. तिथं खोकड आहे. आपल्याकडं कोळसुंदा.

लस हा यावरचा उपाय आहे आणि शहरातलं पाळलेलं कुत्रं ती घेतं. पिल्लाला दीड-दोन महिन्यांचं असताना पहिला एकत्रित डोस, मग पाठचे डोस, तीन महिन्यांच्या पुढं रेबीज, आणि नंतर डॉक्टर सांगतील तसं. ज्याचं हे वेळापत्रक पूर्ण नाही त्या कुत्र्यानं रानाच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. पण कायद्यात इथं एक भगदाड आहे. वन्यजीव कायद्याचं कलम ३३-क म्हणतं की अभयारण्यात आणि त्याच्या पाच किलोमीटरच्या आतल्या गुराढोरांना संसर्गजन्य रोगांच्या लशी टोचण्याची व्यवस्था मुख्य वन्यजीव रक्षकानं करावी. कायद्यानं गुराढोरांची जी यादी दिली आहे, तिच्यात म्हशी, बैल, उंट, गाढवं, शेळ्या-मेंढ्या, घोडे, डुकरं, बदकं, कोंबड्यासुद्धा आहेत. कुत्रा नाही. कोळसुंद्याला ज्याच्यापासून सर्वांत जास्त धोका आहे, त्याच प्राण्याचं नाव यादीत आलेलं नाही.

आणि यातून मी धनगरवाड्याकडं येतो, कारण ते टाळून हा विषय प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीच्या डोंगरांत गवळी धनगरांचे वाडे कितीतरी पिढ्यांपासून आहेत. म्हशी, थोडी नाचणी-वरी, आणि दाराशी कुत्रं. ते कुत्रं साखळीत नसतं. शहरातून आलेला माणूस आपल्या कुत्र्याला नाक्यावर अडवल्यावर बोट दाखवतो ते याच कुत्र्याकडं: त्याला चालतं, मग आमच्याला का नाही?

मला हा सवाल पटत नाही. धनगराचं कुत्रं रानात फिरायला गेलेलं नसतं, ते कामावर असतं. रात्री बिबट्या गोठ्याजवळ आला की पहिला आवाज त्याचा, आणि कितीदा पहिला जीवही त्याचाच. ते वाड्याला आणि जनावरांना धरून राहतं. गव्याचा वास कसा असतो आणि त्याच्यापासून किती अंतरावर थांबायचं, हे ते पिल्लूपणीच शिकतं. जंगलावर बंधनं आली तसतसं या माणसांचं चराईचं रान आकसत गेलं, काही वाडे उठले, उरलेल्यांना शाळा आणि दवाखान्यासाठी आजही कोसभर उतरावं लागतं. त्यांच्या कुत्र्याची आणि रविवारच्या आपल्या कुत्र्याची तुलना करून आपण स्वतःसाठी सवलत मागणं बरोबर नाही.

रोगाच्या बाजूनं मात्र धनगरवाड्यावरचं कुत्रं सगळ्यात उघड्यावर आहे. जनावरांच्या डॉक्टरला तिथं जाणं सोपं नाही, आणि गेला तरी तो म्हशीसाठी जातो. शहरात एका कुत्र्याच्या लशींवर, गोचीड मारायच्या गोळ्यांवर आणि खाण्याच्या पोत्यावर वर्षाला जो खर्च होतो, त्याच्या थोड्या भागात एखाद्या वाड्यावरची सगळी कुत्री टोचून होतील. कोल्हापुरात प्राणिप्रेमी पुष्कळ आहेत आणि त्यांची कळकळ खरी आहे. ती कळकळ वर्षातून एकदा डॉक्टरला घेऊन दाजीपूरच्या वाड्यांवर पोचली, तर कोळसुंद्यासाठी त्याहून मोठं काम कुणी केलेलं नसेल. नरसोबाच्या वाडीला जाणारा, दत्ताच्या पायाशी चार कुत्री पाहून हात जोडणारा हा जिल्हा आहे. खंडोबाच्या कुत्र्याला नैवेद्य दाखवणारी घरं इथं गावोगाव आहेत. इथल्या लोकांना कुत्र्यासाठी काही करा असं सांगावं लागणार नाही, कुठं करा एवढं दाखवावं लागेल.

आता सड्याबद्दल. हा भाग मी कुत्रेवाल्यांशी बोलताना काढतो तेव्हा त्यांना सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं.

मसाई पठार, दाजीपूरचा सावराई सडा हे जांभ्याचे सडे. खाली कातळ, वर कुठं बोटभर, कुठं वीतभर माती. पावसाचा मारा तिच्यातलं सगळं सत्त्व धुऊन नेतो. ही माती गरीब आहे आणि सड्याचं सगळं वैभव त्या गरिबीवर उभं आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात इथं निळी सीतेची आसवं फुलतात, ओलसर जागी दवबिंदू वनस्पतीचे लालसर ठिपके दिसतात. दोन्ही कीटकभक्षी. मातीत नायट्रोजन मिळत नाही म्हणून त्या किडे धरून तो मिळवतात. गेंदाच्या पांढऱ्या टिकल्यांचे गालिचेही अशाच पाणथळ, उपाशी जमिनीवर पसरतात. इथं खत पडलं तर या वनस्पती जोमानं वाढत नाहीत. उलट एरवी इथं तग धरू न शकणारं दांडगं गवत आणि तण येतं आणि त्यांना झाकून टाकतं.

बेल्जियममधल्या गेंट शहराजवळच्या राखीव निसर्गक्षेत्रांत पीटर डी फ्रेन आणि सहकाऱ्यांनी दीड वर्ष कुत्री मोजली आणि २०२२ मध्ये हिशेब मांडला. कुत्र्यांच्या विष्ठा-मूत्रातून दर हेक्टरी वर्षाला सरासरी ११ किलो नायट्रोजन आणि ५ किलो फॉस्फरस जमिनीत पडत होता. आणि सगळी कुत्री साखळीत ठेवली असं धरलं, तर वाटेच्या कडेच्या पट्ट्यात हे प्रमाण हेक्टरी १७५ किलो नायट्रोजन आणि ७३ किलो फॉस्फरसपर्यंत जातं. शेतातसुद्धा इतकं खत टाकताना शेतकरी विचार करेल. साखळी कुत्र्याला वाटेवर धरते, म्हणून जे पडतं ते सगळं वाटेच्या दोन्ही बाजूंच्या त्याच हातभर पट्टीत साठतं. त्याच अभ्यासात दिलासाही आहे: विष्ठा उचलली तर निम्म्याहून अधिक नायट्रोजन आणि जवळपास सगळा फॉस्फरस टळतो.

मसाईवर गेंटएवढी कुत्री येत नाहीत, हे मान्य. यावर नेहमी येणारा दुसरा प्रश्नही रास्त आहे. गुरं सड्यावर शेण टाकतातच की. टाकतात. पण गुरं सड्यावरचंच गवत खाऊन सड्यावरच शेण टाकतात, जमिनीचं जमिनीला जातं. आपल्या कुत्र्यानं सकाळी शहरात खाल्लेलं चिकन आणि पोत्यातलं खाणं सड्यावर उतरतं, तेव्हा ते बाहेरून आलेलं खत असतं. म्हणून पिशवी न्यावी, उचलावं, गाठ मारून परत आणावं. करवंदीच्या जाळीत फेकलेली बांधलेली पिशवी ही न उचललेल्या विष्ठेपेक्षा वाईट.

मग कुत्र्याला न्यावं तरी कुठं आणि कसं? माझं मत असं. अभयारण्य पूर्ण वर्ज्य, तो निर्णय योग्य आहे आणि त्याच्याशी हुज्जत घालू नये. आजरा-चंदगडच्या दाट झाडीत नेऊ नये. पन्हाळा-जोतिबाच्या बाजूच्या रुळलेल्या वाटांवर दिवाळीनंतर थंडी संपेपर्यंत न्यावं. त्या दिवसांत वीण बहुतेक आटोपलेली असते, फुलोरा ओसरलेला असतो, आणि कुत्र्यालाही ऊन सोसतं. साखळी दीड-दोन मीटरची, साधी. बटण दाबून लांबणारी दोरी शहरात ठीक, रानात ती ऐन वेळी हातात राहत नाही. गळ्यातल्या पट्ट्यापेक्षा छातीचा पट्टा बरा, झटका बसला तरी मान वाचते. गवा दिसला तर कुत्र्याला जवळ ओढून, आवाज न करता आल्या वाटेनं मागं सरकावं. गवतातून आल्यावर कानांच्या घड्या, बोटांच्या बेचक्या आणि काखा बघाव्यात. गोचिडीतून कुत्र्याला ताप येतो, आणि चंदगडला लागून असलेल्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. तो रोगही गोचिडीतूनच माणसाला होतो. कुत्र्याला जांभ्याच्या कपारीत तोंड घालू देऊ नये, तिथं घोणस-फुरसं असू शकतं आणि दंश थेट नाकावर होतो.

आणि खरं सांगायचं तर कुत्र्याला जंगल हवं असतं असं नाही. त्याला वास हवे असतात, पायाखाली माती हवी असते आणि आपण सोबत हवे असतो. आपल्याकडं उसातून जाणाऱ्या पाणंदी आहेत. दिवसाउजेडी, गावकऱ्यांना विचारून, ओळखीच्या पाणंदीनं कुत्र्याला न्या. पाटाचं पाणी, गुऱ्हाळाचा वास, बांधावरची घुस, यात त्याची सकाळ भरून जाते. तिथं कोळसुंदा नाही आणि दवबिंदूही नाही.

संवर्धन राखीव क्षेत्रांचा कारभार बघण्यासाठी कायद्याच्या कलम ३६-ख मध्ये एका समितीची तरतूद आहे. तिच्यात वनखात्याचा प्रतिनिधी सदस्य-सचिव असतो, हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो, वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे तीन जण असतात, आणि कृषी व पशुसंवर्धन खात्यांचे प्रतिनिधीही असतात. एवढी योग्य माणसं एका टेबलाभोवती बसण्याची सोय कायद्यानंच करून ठेवली आहे. मसाई पठारासाठी आणि पन्हाळगडासाठी ही मंडळी बसतील तेव्हा त्यांनी हा विषय घ्यावा. कोणत्या वाटेवर कुत्रं चालेल आणि कोणत्या नाही. मार्च ते जून सड्यावर पूर्ण बंदी, फुलोऱ्याच्या दिवसांतही बंदी. साखळी दोन मीटर. लशीचं कार्ड सोबत. पशुसंवर्धनच्या प्रतिनिधीनं हद्दीतल्या वाड्या-वस्त्यांवरच्या कुत्र्यांच्या लसीकरणाची तारीख त्याच बैठकीत द्यावी. आणि ग्रामपंचायतीनं पठाराच्या चढाला, गाड्या थांबतात तिथं, हे सगळं मोठ्या अक्षरात मराठीत लिहून लावावं, म्हणजे मागच्या सीटवरचं कुत्रं खाली उतरायच्या आधी मालकाच्या वाचण्यात येईल.